कीवर्ड संशोधन आणि संकेतस्थळाची ऑरगॅनिक वाचकसंख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील उदाहरणे सायकल दुरुस्तीची माहिती देणाऱ्या एका काल्पनिक संकेतस्थळाची आहेत आणि त्या संकेतस्थळाचे आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत. साधनांविषयीची आणि गूगलच्या धोरणांविषयीची माहिती मात्र प्रत्यक्षातली आहे.

कीवर्ड संशोधन म्हणजे नेमके काय?

लोक एखादी गोष्ट शोधताना सर्च इंजिनच्या चौकटीत कोणते शब्द लिहितात किंवा बोलतात, त्या शब्दांमागे त्यांना काय हवे असते आणि त्यांपैकी कोणत्या शोधांना आपले संकेतस्थळ खरोखर उपयोगी उत्तर देऊ शकते, याचा पद्धतशीर तपास म्हणजे कीवर्ड संशोधन. जाहिरातीचे पैसे न मोजता शोधनिकालांतून जे वाचक येतात, त्यांना ऑरगॅनिक ट्रॅफिक म्हणतात आणि ते वाढवण्याचे काम याच तपासापासून सुरू होते. पुष्कळांना हे काम म्हणजे शब्दांची यादी तयार करणे वाटते. यादी शेवटी हाती येतेच, पण खरा लाभ वेगळा असतो: लिहिणाऱ्याची भाषा आणि शोधणाऱ्याची भाषा यांतले अंतर लक्षात येते. सायकलचा जाणकार ‘डिरेलर सेटिंग’ असे म्हणतो, तर ज्याची सायकल बिघडली आहे तो ‘गिअर बदलत नाही’ एवढेच लिहितो. जाणकाराने आपल्या शब्दांत लिहिलेले उत्तम पान दुसऱ्यापर्यंत पोहोचेलच, याची शाश्वती नसते.

सुरुवात कोठून करावी?

कोणतेही साधन उघडण्यापूर्वी आपल्याकडे आलेले प्रश्न गोळा करावेत. ईमेल, फोनवरची विचारणा, लेखांखालच्या प्रतिक्रिया आणि संकेतस्थळावरच्या अंतर्गत शोधाची नोंद यांत लोकांचे शब्द जसेच्या तसे सापडतात. ते उतरवून घेताना शुद्ध करू नयेत, कारण आपल्याला हवी असते ती त्यांची मूळ मांडणीच.

त्यानंतर गूगलच्या चौकटीत यांतला एकेक शब्द लिहून खाली येणाऱ्या सूचना पाहाव्यात. ‘सायकलची चेन’ एवढे लिहून जागा सोडली आणि पुढे एकेक अक्षर देत गेले, तर दर अक्षरागणिक सूचना बदलतात. या सूचना मुख्यतः प्रत्यक्ष झालेल्या शोधांवर आधारलेल्या असतात. मात्र भाषा, ठिकाण, ताज्या घडामोडी आणि आपला स्वतःचा शोध-इतिहास यांचाही त्यांवर परिणाम होतो, म्हणून हे काम ब्राउझरच्या खासगी खिडकीत केलेले बरे. निकालांच्या पानावर दिसणारे संबंधित प्रश्न आणि तळाशी येणारे संबंधित शोध हेही टिपून घ्यावेत. एवढ्यातच पहिली चांगली यादी तयार होते आणि त्यासाठी काही खर्चही येत नाही.

शोधामागचा हेतू कसा ओळखायचा?

संगणकशास्त्रज्ञ अँड्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये वेब-शोधांचे तीन प्रकार मांडले: ठरावीक संकेतस्थळी पोहोचण्यासाठी केलेले, माहितीसाठी केलेले आणि काही व्यवहार उरकण्यासाठी केलेले. ही विभागणी आजही वापरात आहे. खरेदीपूर्वीची तुलना हा चौथा प्रकार पुढे व्यवसायातल्या लोकांनी त्यात जोडला. परंतु यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे ‘माहिती’ किंवा ‘व्यवहार’ असा शिक्का मारला म्हणजे हेतू कळला, असे होत नाही.

हेतू ओळखण्याचा भरवशाचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे तो शब्द स्वतः शोधून पहिल्या पानावरचे निकाल वाचणे. नुसते ‘सायकल चेन’ शोधल्यावर विक्रीची पाने वर येत असतील, तर त्या शब्दासाठी लिहिलेला माहितीपर लेख कितीही चांगला असला तरी त्याला तिथे जागा मिळणे कठीण आहे. ‘सायकलची चेन कशी बसवावी’ या शोधाला व्हिडिओ आणि पायऱ्यापायऱ्यांनी समजावणारी पाने येत असतील, तर छायाचित्रांविना लिहिलेले चार परिच्छेद तिथे अपुरे ठरतील. ‘चेन सारखी का निसटते’ असे विचारणाऱ्याला मात्र कारणे हवी असतात. कदाचित त्याला दुरुस्ती स्वतः करायचीही नसेल. तिन्ही शोध चेनविषयीच आहेत, तरी तीन वेगळी पाने मागणारे आहेत. निकालांत दुकाने, व्हिडिओ आणि लेख यांची सरमिसळ दिसली, तर हेतू अस्पष्ट आहे असे समजावे आणि अधिक नेमका शब्द शोधावा.

शोधसंख्येच्या आकड्यांवर किती विसंबावे?

फार थोडे, असे आमचे मत आहे. गूगलचे कीवर्ड प्लॅनर हे मुळात जाहिरातदारांसाठीचे साधन आहे. ते मासिक सरासरी दाखवते, आकडे ढोबळ करते, जवळपास सारख्या शब्दांची बेरीज एकत्र देते आणि जाहिरातींवर खर्च न करणाऱ्या खात्यांना बहुधा ‘१०० ते १ हजार’ अशा रुंद पट्ट्यातच उत्तर देते. त्यातल्या ‘स्पर्धा’ या स्तंभाने तर अनेकांची दिशाभूल केली आहे: तो स्तंभ त्या शब्दावर किती जाहिरातदार बोली लावत आहेत हे सांगतो, आणि ऑरगॅनिक निकालांत वर येणे सोपे की अवघड याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो.

सेमरश, अहरेफ्स यांसारख्या सशुल्क साधनांचे आकडे हेही अंदाजच असतात. प्रत्येकाची माहिती मिळवण्याची आणि हिशेबाची पद्धत वेगळी असल्यामुळे एकाच शब्दासाठी दोन साधने दोन आकडे देतात, आणि त्यांतले खरे कोणते या वादात वेळ घालवू नये. आकड्यांचा योग्य उपयोग तुलनेपुरता आहे. एकाच साधनात ‘ब्रेक लागत नाही’ हा शब्द ‘ब्रेकचा आवाज येतो’ या शब्दाच्या कितीतरी पट दिसत असेल, तर आधी कोणते पान लिहावे याचा कौल मिळतो. त्यापुढे जाऊन ‘महिन्याला इतके वाचक येतील’ असे भाकीत त्यावरून करणे म्हणजे हवेत इमला बांधणे होय.

‘शून्य शोध’ दाखवणारे शब्द वगळावेत का?

सरसकट वगळू नयेत. गूगलने वेळोवेळी सांगितले आहे की दररोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्यापूर्वी कधीच झालेले नसतात. अशा शोधांची संख्या कोणत्याही साधनात आधीपासून असणे शक्यच नाही. शिवाय चार-पाच शब्दांचे लांब शोध प्रत्येकी तुरळक असले, तरी त्यांचा हेतू स्वच्छ असतो आणि त्यांची एकूण बेरीज मोठी होते. यालाच ‘लाँग टेल’ म्हणतात. जो प्रश्न तीन वाचकांनी आपल्याला स्वतःहून विचारला, त्यासमोर साधन शून्य दाखवत असेल, तर वाचकांवर विश्वास ठेवावा. नव्या संकेतस्थळाने तर अशाच शोधांपासून आरंभ करणे शहाणपणाचे आहे, कारण दोन शब्दांच्या मोठ्या शोधांवर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेली संकेतस्थळे असतात.

गूगल ट्रेंड्स कशासाठी वापरावे?

ऋतूनुसार होणारे चढउतार पाहण्यासाठी आणि दोन पर्यायी शब्दांतला अधिक रूढ कोणता हे ठरवण्यासाठी. त्यातले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नव्हेत. निवडलेल्या काळातली आणि ठिकाणची सर्वाधिक लोकप्रियता १०० मानून बाकीचे त्या प्रमाणात दाखवलेले असतात. एका वेळी काही शब्दांची तुलना करता येते आणि माहिती २००४ पासूनची मिळते. एखादा विषय विशिष्ट महिन्यांत उसळी घेत असेल, तर त्याचे पान दोन-तीन महिने आधी तयार असावे.

‘कीवर्ड डिफिकल्टी’ हा आकडा कोण ठरवते?

एखाद्या शब्दावर वर येणे किती अवघड आहे याचा हा अंदाज असतो आणि तो ते ते साधन ठरवते, गूगल नव्हे. अहरेफ्सचा आकडा मुख्यतः पहिल्या दहा निकालांना किती वेगवेगळ्या संकेतस्थळांनी दुवे दिले आहेत यावर काढला जातो. इतरांची सूत्रे निराळी आहेत. ‘डोमेन अथॉरिटी’ हे संपूर्ण संकेतस्थळाच्या ताकदीचे मापही मॉझ या कंपनीचे आहे आणि गूगल ते वापरत नाही. आकडा पाहावा, पण निकाल स्वतःच्या डोळ्यांनी वाचून निर्णय घ्यावा. पहिल्या दहांत जुनी, अर्धवट किंवा मूळ प्रश्नाला बगल देणारी पाने असतील, तर आकडा मोठा असूनही संधी असते. दहाही पाने नेमकी, ताजी आणि जाणकारांनी लिहिलेली असतील, तर आकडा लहान असला तरी आपण वेगळे काय देणार, हे आधी ठरवावे लागते.

एका पानासाठी किती कीवर्ड घ्यावेत? प्रत्येक कीवर्डसाठी स्वतंत्र पान हवे का?

पान एका गरजेसाठी असावे. ती गरज व्यक्त करणारे शब्द दहा असोत वा पन्नास. दोन शब्द एकाच पानात घ्यावेत की वेगळे करावेत, हे ठरवण्याची सोपी कसोटी अशी आहे की दोन्ही शब्द शोधून पहिल्या दहा निकालांची तुलना करावी. बहुतेक पाने सारखीच दिसली, तर सर्च इंजिनच्या दृष्टीने ती एकच गरज आहे. निकाल जवळजवळ पूर्ण वेगळे असतील, तर पानेही वेगळी हवीत.

ही कसोटी माहीत होण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने ‘निसटणे’, ‘उतरणे’ आणि ‘पडणे’ अशा तीन क्रियापदांसाठी एकाच बिघाडावर तीन लेख लिहिले होते, केवळ साधनात त्या तीन वेगळ्या ओळी होत्या म्हणून. आज एक, तर उद्या दुसरा लेख निकालांत दिसे आणि तिघांपैकी एकही वर टिकत नसे. व्यवसायात याला कीवर्ड कॅनिबलायझेशन म्हणतात. शेवटी तिन्हींतला उपयुक्त मजकूर एका पानात आणून उरलेल्या दोन पत्त्यांवरून ३०१ रीडायरेक्ट दिले, म्हणजे तिथे येणाऱ्याला कायमचे या नव्या पानाकडे वळवले, आणि हे काम आधीच करायला हवे होते असे वाटले. नवे पान लिहिण्याआधी गूगलमध्ये ‘साइट’ ऑपरेटरसह (म्हणजे ‘site:’ला जोडून) आपला पत्ता आणि तो शब्द शोधून पाहिला, तर असे जुने भाऊबंद लगेच समोर येतात.

कीवर्ड पानात कोठे आणि किती वेळा यावा?

शीर्षकात, मुख्य मथळ्यात आणि आरंभीच्या परिच्छेदात तो सहजपणे यावा. किती वेळा, याचे कोणतेही आदर्श प्रमाण नाही. ‘कीवर्ड डेन्सिटी’, म्हणजे मजकुरातले त्या शब्दाचे प्रमाण, मोजून शब्द पेरणे व्यर्थ आहे, आणि अतिरेक केल्यास ते गूगलच्या स्पॅमविषयक धोरणांचे उल्लंघन ठरते. मेटा कीवर्ड हा पानाच्या कोडमध्ये कीवर्डांची यादी देणारा टॅग क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते, तरीही तो भरून देण्याचे पैसे आजही घेतले जातात, हे आश्चर्यच आहे. मेटा डिस्क्रिप्शनमुळे, म्हणजे कोडमध्ये दिलेल्या पानाच्या थोडक्यातल्या वर्णनामुळे, क्रमांक सुधारत नाही. पण निकालात शीर्षकाखाली बऱ्याचदा तेच वाक्य दिसते, म्हणून ते वाचकासाठी नीट लिहावे.

संकेतस्थळ आधीपासून चालू असेल, तर सर्वांत विश्वसनीय माहिती कोठे मिळते?

गूगल सर्च कन्सोल या संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या साधनातल्या परफॉर्मन्स अहवालात. ही माहिती आपल्याच पानांची असते, गूगलकडूनच येते, मागच्या १६ महिन्यांपर्यंतची मिळते आणि विनामूल्य असते. प्रत्येक शोधशब्दासाठी पान किती वेळा दिसले, त्यावर किती क्लिक झाले आणि सरासरी क्रमांक काय होता, हे तिथे कळते. अहवालाच्या तक्त्यात १ हजार ओळींची मर्यादा आहे आणि अगदी थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात, त्यामुळे ओळींची बेरीज एकूण आकड्याशी जुळली नाही तर गोंधळून जाऊ नये.

हा अहवाल वाचायचा कसा, ते एका पानावरून पाहू. समजा, ‘सायकलची चेन निसटण्याची कारणे’ हे आपले पान निवडून आपण मागच्या ३ महिन्यांचे शोधशब्द काढले. ‘नवीन चेन घातल्यावर घसरते’ या शोधासाठी पान ९०० वेळा दिसले, क्लिक ११ झाले आणि सरासरी क्रमांक ९.४ आहे. आता पान उघडून पाहिले, तर नव्या चेनविषयी शेवटी जेमतेम एक वाक्य आहे. विचारणाऱ्याची अडचण मात्र खरी आहे: जुन्या चेनसोबत मागच्या चक्रांचे दातेही झिजतात आणि त्या झिजलेल्या दात्यांवर नवी चेन नीट बसत नाही. तेव्हा पानात या एका कारणासाठी स्वतंत्र उपशीर्षक घ्यावे, झिजलेल्या दात्याचे जवळून काढलेले छायाचित्र द्यावे, चेनची झीज कशी मोजतात ते सांगावे आणि केवळ चेन बदलून कधी भागते व चक्रेही कधी बदलावी लागतात, ते स्पष्ट लिहावे. नवव्या-दहाव्या क्रमांकावर अडकलेल्या शोधासाठी अशी एक नेमकी भर नव्या पाच लेखांपेक्षा जास्त फळ देऊ शकते.

त्याच अहवालात ‘चेनला कोणते तेल लावावे’ या शोधासाठी तेच पान १,४०० वेळा दिसले आहे, पण क्रमांक ३८ आणि क्लिक २. इथे त्याच पानात तेलाचा परिच्छेद कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा. आपल्याकडे या विषयाचे पान नसल्यामुळे गूगलने त्यातल्या त्यात जवळचे पान पुढे केले, एवढाच याचा अर्थ आहे, आणि तेलासाठी वेगळे पान लिहून दोन्ही पाने परस्परांना दुव्यांनी जोडावीत, हा त्यावरचा उपाय. क्रमांक दुसरा-तिसरा असूनही क्लिक नगण्य असतील, तर मात्र मजकुराला हात लावण्यापूर्वी शीर्षक पाहावे, आणि निकालांच्या पानावरच उत्तर दिले जात आहे का, तेही पाहावे.

मराठी संकेतस्थळासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते का?

होय, आणि ती मुख्यतः तीन बाबतींत. पहिली म्हणजे मराठीतल्या शोधांसाठी साधनांकडे माहिती विरळ असते, त्यामुळे वर सांगितलेला शून्याचा आकडा इथे वरचेवर भेटतो आणि सर्च कन्सोलचे महत्त्व आणखी वाढते. दुसरी बाब लेखनाची: कोणी ‘दुरुस्ती’ लिहितो, कोणी ‘दुरूस्ती’, कोणी ‘कशी करावी’, कोणी ‘कशी करायची’, आणि बरेच जण मराठी वाक्यच रोमन अक्षरांत लिहितात. सर्च इंजिने यातले बरेच फरक आपसूक सांभाळतात. म्हणून अशुद्ध रूपे पानात मुद्दाम घुसवू नयेत. शुद्ध लिहावे, आणि रोमन लिपीतल्या शोधांना आपले पान दिसते का, ते अहवालात तपासावे. तिसरी बाब म्हणजे सर्वांत जास्त आढळणारी चूक: इंग्रजी कीवर्डांची यादी घेऊन तिचे शब्दशः भाषांतर करणे. टायरमधली हवा गेली की माणूस ‘पंक्चर’ असेच शोधतो. त्यासाठी घडवलेला संस्कृतप्रचुर प्रतिशब्द कोणी शोधत नाही. एकच मजकूर दोन भाषांत असेल, तर दोन्ही पानांवर ‘एचरेफलँग’ची (hreflang, म्हणजे दुसऱ्या भाषेतले पान कोणते हे सर्च इंजिनला सांगणारी) खूण परस्परांना द्यावी.

प्रतिस्पर्धी ज्या शब्दांवर दिसतात, तेच आपण घ्यावेत का?

ती यादी राहून गेलेले विषय शोधण्यासाठी चांगली असते. पण त्यांचे सगळे शब्द आपल्या वाचकाचे नसतात, आणि त्यांच्याच पानांची उजळणी करणारे पान वाचकाला किंवा सर्च इंजिनला का हवे असावे, याचे उत्तर सापडत नसेल तर तो शब्द सोडून द्यावा.

कीवर्डांची मोठी यादी घेऊन एआयकडून शेकडो पाने तयार करून घेतली तर?

गूगलने मार्च २०२४ मध्ये याविषयीचे धोरण कडक केले. क्रमवारीत वर येण्याच्या मुख्य हेतूने मोठ्या प्रमाणावर तयार केलेली, वाचकाला नवे काही न देणारी पाने स्पॅम मानली जातात, मग ती यंत्राने लिहिलेली असोत वा माणसाने. यादीचे गट पाडणे, सारखे प्रश्न एकत्र आणणे, सुटलेल्या बाजू दाखवणे या कामांना एआय खुशाल वापरावे. शोधसंख्या मात्र त्याला विचारू नये, कारण हाताशी साधनाची माहिती नसतानाही ते बेधडक आकडे सांगू शकते.

निकालांतच एआयचे उत्तर दिसत असताना हे संशोधन करण्यात अर्थ उरला आहे का?

गूगलने २०२४ पासून निकालांच्या वर एआयने तयार केलेले सारांश दाखवायला सुरुवात केली. ज्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत संपते, त्यासाठी आता वाचक आपल्यापर्यंत येण्याची शक्यता कमी झाली आहे, हे मान्य करून शब्दांची निवड करावी लागते. ‘टायरमध्ये हवा किती भरावी’ यापेक्षा ‘हवा भरूनही रात्रीतून टायर का बसतो’ हा प्रश्न घ्यावा, कारण तिथे तपासण्याची पद्धत, छायाचित्रे आणि अनुभव लागतो. या सारांशांतले दिसणे आणि क्लिक सर्च कन्सोलच्या एकूण आकड्यांतच मोजले जातात, ही गोष्ट अहवाल वाचताना ध्यानात ठेवावी.

प्रश्नोत्तरांचे पान केल्याने निकालांत जास्त जागा मिळते का?

एके काळी मिळत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने निकालाखाली उलगडणारी प्रश्नोत्तरे केवळ सुप्रसिद्ध, अधिकृत सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरती मर्यादित केली. हे पान आम्ही तरीही प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिले, कारण हे प्रश्न आम्हाला खरोखरच विचारले जातात.

बदल केल्यावर फरक दिसायला किती काळ लागतो, आणि संशोधन पुन्हा कधी करावे?

गूगलच्याच मार्गदर्शनानुसार काही बदलांचा परिणाम काही तासांत दिसतो, तर काहींना कित्येक महिने लागतात. निष्कर्ष काढण्यापूर्वी निदान काही आठवडे थांबावे, असे गूगल सांगते. बदलाची तारीख आणि नेमके काय बदलले, हे एका वहीत किंवा तक्त्यात लिहून ठेवावे, कारण तीन महिन्यांनी ते आठवत नाही. तुलना करताना ऋतुमानाचा परिणाम वगळण्यासाठी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहावे. सर्च कन्सोल १६ महिन्यांपलीकडचे दाखवत नसल्याने दर तिमाहीला आकडे उतरवून ठेवलेले बरे. पूर्ण यादी वर्षातून एकदा नव्याने तपासावी. सर्च कन्सोलमधले नवे शोधशब्द मात्र दर महिन्याला चाळावेत, आणि ज्या शब्दांवर पान दिसू लागले आहे पण त्यात उत्तर नाही, ती पाने त्या महिन्याच्या कामात सर्वांत वर घ्यावीत.